उभे राहून ऐकायचे गाणे

जागृती, तुझ्याविषयी मी छापील असे याआधी एकदाच लिहिले, आणि ते तुझ्या विरोधात होते. आता पुन्हा लिहायला बसलो आहे, तर वाचायला तू नाहीस.

आपल्या तालुक्याच्या साप्ताहिकाच्या संपादकांचा फोन आला. म्हणाले, "गुरुजी, तिच्यावर तुम्हीच लिहायला हवे. थोडक्यात लिहा, आणि गोड लिहा." तू कुठे जन्मलीस, तुझे किती गीतसंच निघाले, सत्कार कुठे कुठे झाले, हे सगळे दुसऱ्या पानावर येणार आहे. त्यातले मला काही सांगायचे नाही. आणि गोड लिहिले तर तूच पहिल्यांदा हसशील. माझ्या गोड बोलण्याला तू शेवटच्या भेटीतही हसली होतीस.

तू पंधरा वर्षांची असताना तुझी आई तुला मसोलीला माझ्या ओसरीवर घेऊन आली. डहाणू रोड स्टेशनाबाहेर ती मासळी विकायला बसत असे. पाटी तिने फाटकाबाहेरच उतरवून ठेवली होती. "गुरुजी, पोरीला गळा हाय," ती म्हणाली, "पण जीभ आमची हाय. तेवढी जीभ तुमी बगा."

जीभ पाहण्याआधी मी तुला बागेतल्या नळावर हात धुऊन यायला सांगितले. एकदाच सांगितले. पुढची पंचवीस वर्षे तू जेव्हा जेव्हा आलीस, तेव्हा आधी नळाशी गेलीस. नाव झाल्यावर मोटारीतून उतरायचीस, तेव्हाही तुझे पाय आधी नळाकडेच वळत. "आता राहू दे," एवढे तीन शब्द बोलायला मला किती अवधी मिळाला होता!

तुझ्या उच्चारांवर मी तीन वर्षे घेतली. स्तोत्रातल्या एकाच ओळीसाठी तुला सलग चार दिवस बसवले होते. विसर्ग नुसता श्वासासारखा सुटता कामा नये, यति आली की थांबलेच पाहिजे, नाहीतर चरणाचा तोल जातो, हे मी पुन्हा पुन्हा सांगत असे. तू कंटाळली नाहीस. ज्या सकाळी ती ओळ निर्दोष उमटली, त्या सकाळी नैवेद्यासाठी धुऊन ठेवलेला चिकू मी उचलून तुझ्या हातावर ठेवला. देवाच्या आधी तुला दिला. असे मी आयुष्यात दुसऱ्या कोणासाठी केलेले नाही. तू मात्र तो तिथे खाल्ला नाहीस. पदराच्या टोकात बांधून फाटकाशी गेलीस आणि आईला दिलास. मला आठवते, ती उभ्यानेच तो खात होती.

नंतर तुझी स्तोत्रे घरोघरी पोचली. देवळांच्या उत्सवांत तुझे नाव लागू लागले. पहाटे कोणाच्या ना कोणाच्या खिडकीतून तुझा आवाज यायचा, आणि मी पूजेला बसलेला असलो तर त्यात माझाही थोडा हात आहे असे मनात येऊन जायचे. अहंकार पूजेच्या पाटावरसुद्धा शेजारी येऊन बसतो. त्याला जागा करून द्यावी लागत नाही.

आणि मग तलासरीचा तो कार्यक्रम झाला.

मैदानात मांडव होता. मला पहिल्या रांगेत, मधल्या खुर्चीवर बसवले होते. मांडीवर शाल आणि श्रीफळ. तू प्रथम स्तोत्र म्हटलेस. मी नेहमीप्रमाणे डोळे मिटून ऐकले. संगीत मिटल्या डोळ्यांनी ऐकावे, असेच आम्हांला शिकवले गेले होते, आणि मीही पुढे तेच शिकवले. स्तोत्र संपल्यावर तू तंबोरा बाजूला ठेवलास. दोन वादक पुढे आले, एकाकडे कीबोर्ड, दुसऱ्याकडे ते विजेवर चालणारे ढोल. "आता जरा वेगळं," असे तू म्हणालीस आणि गाऊ लागलीस: "ऊन गेलं गं, चल गं बाय."

तालाचा पहिला ठोका पडला तसे मागच्या खुर्च्या सरकल्याचे आवाज आले. मी डोळे मिटलेलेच ठेवले. निश्चयाने मिटून ठेवले, असे म्हणणे अधिक खरे. पुष्कळ वेळाने उघडले, तेव्हा सारे मैदान उभे होते. वारली मुलींनी एकमेकींच्या कमरेला विळखा घालून साखळी धरली होती. शाळेतल्या बाई नाचत होत्या, मला शाल देणारे सरपंचही नाचत होते. बसलेला मी एकटा. तू मला दिसत नव्हतीस. माझ्यासमोर नुसत्या पाठी होत्या. तुझे गाणे मी त्या पाठींच्या आडून ऐकले आणि त्याच आठवड्यात याच साप्ताहिकात त्यावर लेख लिहिला.

लेखात मी काय काय म्हटले, ते तुला पाठ होते. शब्द सामान्य आहेत. चाल उथळ आहे. प्रत्येक ओळीच्या शेवटी एक मात्रा रिकामी सोडली आहे, जिथे गळा मुका होतो आणि नुसता ढोल आपटतो. ही पोकळी कशासाठी, ते कळत नाही. आणि शेवटी ते वाक्य: "या गाण्याला पाय आहेत, गळा नाही." एक गोष्ट मी तुला कधी सांगितली नाही. ते वाक्य लिहिल्यावर मी ते दोनदा मोठ्याने वाचून पाहिले होते. मला ते फार आवडले होते.

इतरांनीही त्या गाण्यावर लिहिले. मुंबईच्या एका दैनिकाने त्याला डान्स-पॉप म्हटले आणि तोंड भरून कौतुक केले. दुसऱ्याने, बाई बाजाराच्या मागे गेल्या, असा शेरा मारला. सीमेपलीकडच्या एका गुजराती पत्राने तर तुझे पानभर छायाचित्र छापले. ते सगळे आले आणि गेले. माझे वाक्य मात्र राहिले, कारण ते तुझ्या गुरूचे होते. भजनी मंडळांच्या फळ्यांवर कोणी ते लिहिले, कोणी फोनवरून पुढे पाठवले. उत्सवांची आमंत्रणे एकेक करून थांबली. जे देवस्थान दरवर्षी तुला बोलावत असे, त्याच्या विश्वस्तांनी माझ्याच ओसरीवर बसून मला सांगितले, "गुरुजी, तुम्हीच असे लिहिल्यावर आम्ही तरी कोणत्या तोंडाने बोलवायचे?" मी त्यांना चहा दिला.

लेख छापल्यावर तिसऱ्या आठवड्यात तू आलीस. नळावर हात धुतलेस, ओसरीच्या पायरीवर आलीस आणि तिथेच थांबलीस.

"गुरुजी, मी भांडायला आलेय. चहा नंतर."

"बस तरी."

"बसून नाही येत मला भांडता."

मग उभ्यानेच विचारलेस, "गाणं, वाजवणं आणि नाचणं, तिन्ही मिळून संगीत होतं. कोणी शिकवलं मला?"

"मीच."

"मग तिसऱ्याला दाराबाहेर का ठेवलंत?"

मी म्हणालो, शास्त्राला अभिप्रेत असलेले नृत्य वेगळे असते.

"हो ना! शंकर नाचला की तांडव, आणि आमची रंजनावहिनी नाचली की धिंगाणा."

मला हसू आले होते. मी ते दाबले. आज वाटते, त्या क्षणी हसलो असतो तर पुढचे बरेच काही टळले असते.

मग तुझा आवाज उतरला. म्हणालीस, "स्तोत्र गाताना समोरचे सगळे डोळे मिटतात, गुरुजी. वीस वर्षं मी मिटलेले डोळे बघत गातेय. एवढी माणसं समोर, आणि मी एकटी. एकदा मला उघडे डोळे बघायचे होते."

तू फाटकाकडे पाहिलेस.

"आणि माझ्या आईनं माझं एकपण गाणं बसून ऐकलं नाही. तुमच्या त्या फाटकाशी उभी राहायची, माझा धडा संपेपर्यंत. नंतर पण देवळाच्या मांडवात मागे, खांबाला टेकून. हे उभ्या माणसांचं गाणं आहे. तुम्ही ते बसून ऐकलंत."

"मी तिला कधी उभे राहायला सांगितले नव्हते," मी म्हणालो.

"बसायलाही नाही," तू म्हणालीस.

तुझी आई घाईत असते, अशी मी माझी समजूत घालून घेतली होती. तीन वर्षे, आठवड्यातून तीन वेळा, एक बाई माझ्या फाटकाशी तासभर उभी राहत होती, आणि मी ओसरीवरून तिच्या मुलीला यति कुठे घ्यावी ते शिकवत होतो.

निघताना तू वळून म्हणालीस, "एकदा आमच्याकडे या. बोंबील वाळत घालतात ना, तेव्हा या. उभं राहून ऐका, डोळे उघडे ठेवून. मग पुन्हा लिहा. वाईट वाटलं तर वाईट लिहा, पण ऐकून लिहा."

मी म्हणालो, "बघू."

त्या एका शब्दावर मी चार वर्षे काढली. आधी चातुर्मास होता. मग गुडघा धरला. मग कधी एकादशी, कधी श्राद्धपक्ष. पंचांगात नकाराला तिथी कधीच कमी पडत नाही. खरी कारणे दोन होती. एक, मासळीच्या वासाची मला शिसारी होती. आणि दुसरे, ते ऐकून मला माझे ते आवडते वाक्य मागे घ्यावे लागेल, अशी भीती मला वाटत होती.

मधल्या काळात माझ्या कानावर आले की तू प्रत्येक कार्यक्रमात ते गाणे सुरू करण्याआधी माइकवर म्हणतेस, "आमचे गुरुजी म्हणतात, या गाण्याला नुसते पाय आहेत. तर मग दाखवा पाय!" आणि लोक ओरडत उठतात. मला फार लागले. शिष्येने भर सभेत माझी थट्टा मांडली, असे मी धरून बसलो. त्या थट्टेत "आमचे" हा शब्द होता, आणि तो तू कधी गाळला नाहीस, हे मला दिसले नाही. जे वाक्य तुझ्या दाराला कुलूप लावत होते, त्याचीच तू उंबऱ्यावर रांगोळी घातलीस.

गुरुपौर्णिमेला मात्र तू येत राहिलीस. पांढरी फुले, नळावर हात धुणे, नमस्कार. तू माझ्या साखरेची चौकशी करायचीस, मी तुझ्या भावाच्या बोटीची. गाण्याचा विषय आपल्या दोघांच्या मध्ये झाकून ठेवलेल्या ताटासारखा असायचा. कोणी झाकण उचलले नाही.

शेवटच्या भेटीचे लिहितो. ते लिहिल्याशिवाय बाकीचे लिहिण्याला अर्थ नाही.

तू अंथरुणात होतीस. आवाज गेला होता. हवा आणि त्यात थोडा शब्द, एवढेच उरले होते. मी तुळशीची माळ उशाशी ठेवली. थोड्या वेळाने तू विचारलेस, "ऐकलंत का, गुरुजी?"

कोणते, हे मला विचारावे लागले नाही.

"ऐकले," मी म्हणालो. "चांगले आहे. छान आहे."

तू माझ्याकडे पाहत राहिलीस. "उभं राहून?"

मी खिडकीबाहेर पाहिले. आणि तू हसू लागलीस, इतकी की ठसका लागला आणि तुझ्या रंजनावहिनीने धावत येऊन पाठ चोळली. श्वास परत आल्यावर म्हणालीस, "तुम्हाला खोटं बोलता येत नाही. तेवढं मी शिकवायला हवं होतं तुम्हाला." मग डोळे मिटून म्हणालीस, "गोड नको, गुरुजी. खरं हवंय."

पन्नास वर्षे मुलांकडून मी सत्याची महती पाठ करून घेतली. आणि ज्या एका व्यक्तीने माझ्याकडे माझे खरे मत मागितले, तिला मी तिच्या अंथरुणाशी बसून दयेचे दोन शब्द दिले. तू ते घेतले नाहीस. परत केलेस, तेही हसत. त्यानंतर आठ दिवसांनी तू गेलीस.

आता माझ्याकडे माणसे येतात. नमस्कार करतात, मुहूर्त विचारतात, प्रकृतीला जपा म्हणतात आणि जातात. माझे म्हणणे सगळ्यांना पटते. माझ्या दारात भांडायला येणारी तू एकटी होतीस, हे तू गेल्यावर कळले. बागेतला नळ हल्ली दिवसच्या दिवस कोरडा असतो. परवा मी नुसता तो सोडला आणि पाण्याचा आवाज ऐकत उभा राहिलो. स्वयंपाकाच्या बाईंनी आतून विचारले, "कोण आलंय?" मी म्हणालो, "कोणी नाही."

तुझे बारावे झाल्यावर मी निघालो. डहाणू रोडहून सहा आसनी रिक्षा केली. वाढवणच्या बाजूला वळल्यावर बंदराविरुद्धच्या घोषणांनी रंगलेल्या भिंती लागल्या, मग तुमची वस्ती. तुझ्या घराला कडी होती. शेजारच्या म्हातारीने सांगितले, "सगळ्या वलांडीवर गेल्या. काल बोटी भरून आल्या ना."

वलांडी म्हणजे वाळूत ओळीने रोवलेले बांबू, त्यांच्यामध्ये ताणलेले दोर, आणि दोरांवर वाळत घातलेले बोंबील. मी उपरणे नाकाला लावले. रंजनाने लांबूनच पाहिले.

"या गुरुजी! नाक सोडा आता. थोडा वेळ उभे राहिलात की वास येत नाय."

"आणि नाही राहिलो तर?"

"तर घरापर्यंत येईल," दुसरी एक म्हणाली, आणि सगळ्या हसल्या. बारा दिवसांनी त्या हसत असाव्यात. हसून झाल्यावर एकीने डोळे पुसले.

मी का आलो, ते रंजनाला सांगितले. "तिचे गाणे ऐकायला आलो आहे. उभे राहून." तिने हात लुगड्याला पुसले, बांबूला टांगलेल्या पिशवीतून मोबाइल काढला. "बारा दिवस लावलं न्हवतं," ती म्हणाली. "पण मासळी थांबत नाय, आणि तिच्याबिगर हात चालत नाय."

गाणे सुरू झाले. मी डोळे उघडे ठेवले.

दोन बोंबील घ्यायचे, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि ती जोडी दोरावर टाकायची. तुझ्या प्रत्येक ओळीला एक जोडी वर जात होती. पंधरा-सोळा बायका, वेगवेगळ्या वयांच्या, आणि हात एकच असल्यासारखे. ओळ संपली की त्या सगळ्या एकदम पाट्यांकडे वाकत, पुढची जोडी उचलायला. तिथे, नेमके तिथे, तुझा गळा थांबत होता.

ती माझी पोकळ मात्रा होती, जागृती. वाकलेल्या माणसाला गाता येत नाही. म्हणून तू त्यांच्यासाठी थांबत होतीस, आणि त्या सरळ झाल्या की त्यांच्याबरोबर पुढची ओळ उचलत होतीस. त्याही गात होत्या. स्तोत्रात यति कुठे घ्यावी, हे मी तुला शिकवले. ती कोणासाठी घ्यावी, हे तू शोधून काढलेस.

मला खांबाला टेकलेली तुझी आई आठवली. मी किती वेळ तसा उभा होतो, ठाऊक नाही. रंजनाचा आवाज आला, "गुरुजी, ऊन अडवताय! सावली पडली ना बोंबलावर. हला की जरा!"

बायका खुदकन हसल्या. मी बाजूला झालो. पाऊल टाकले, ते ठोक्यावर पडले. जाणून टाकले नव्हते. रंजनाने ते पाहिले आणि शेजारणीला कोपराने डिवचले. "बगितलंस? पाय हायेत गुरुजींना!"

तर आता माझे मत. गोड नाही, खरे.

"या गाण्याला पाय आहेत, गळा नाही," हे माझे वाक्य मी मागे घेतो. ते ज्या पानावर छापले गेले, त्याच पानावर मागे घेतो. या गाण्याला गळा आहे, आणि कोणासाठी थांबावे हे त्या गळ्याला कळते. माझ्या गळ्याला ते कळले नाही. तो नको तिथे थांबला, विश्वस्तांपुढे, तुझ्या आईपुढे, तुझ्या अंथरुणाशी. ज्या भजनी मंडळांनी माझ्या शब्दावर तुला बोलावणे बंद केले, त्यांना माझे सांगणे आहे की दोष तुझ्या गाण्यात नव्हता, माझ्या बसण्यात होता.

दुसरा अंतरा मात्र मला अजूनही सैल वाटतो. तिथे शब्द नुसते यमकासाठी आले आहेत, आणि चाल एका जागी उगीच रेंगाळते. हेही मी उभे राहून, डोळे उघडे ठेवून ऐकले आणि मगच म्हणतो आहे. रंजनाला सांगितले, तर ती म्हणाली, "ते तुमी तिलाच सांगा, ती बगेल तुमच्याकडं."

सांगितले आहे. तू ऐकून घेणार नाहीस, हे मला माहीत आहे. पायरीवर येशील, चहा नंतर म्हणशील, बस म्हटले तर बसणार नाहीस. या खेपेला हात धुऊ नकोस.

भांड, बाळ. मीही उभा आहे.